न्यायमूर्ती मुल्ला : शायर, खासदार आणि कैद्यांचे कैवारी

मागच्या नोव्हेंबरात उर्दू दिनानिमित्त आम्ही नववीच्या वर्गात फळ्यावर काही शायरांची नावे लिहिली होती. त्यात एक नाव होते आनंद नारायण मुल्ला. पहिल्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला आणि विचारले, "मॅडम, हे कुठल्या मशिदीचे मुल्ला?" वर्ग हसला, आम्हीही हसलो. पण त्या पोराचे काही चुकले नव्हते. आपल्याकडे मुल्ला, मुलाणी ही आडनावे गावोगाव आहेत आणि ती कोणाची असतात हे सगळ्यांना ठाऊक असते. हे मुल्ला मात्र लखनौचे काश्मिरी पंडित होते.

गंमत म्हणजे कायद्याच्या जगात आणखी एक मुल्ला प्रसिद्ध आहेत, तेही मुसलमान नव्हेत. आपल्या वारसाहक्काचा किंवा हिबानाम्याचा वाद कोर्टात गेला की वकील ज्या जाड पुस्तकाचा आधार घेतात, ते 'प्रिन्सिपल्स ऑफ मोहमेडन लॉ' मुंबईच्या सर दिनशा मुल्ला यांनी लिहिले. ते पारशी. एक मुल्ला पारशी, दुसरे पंडित! दिनशांचे नाव वकिलांच्या तोंडी आजही असते. आनंद नारायण मुल्लांना उर्दूवाले शायर म्हणून ओळखतात, पण गुन्हा, पोलिस आणि तुरुंग या विषयांवर त्यांनी जे काम केले ते आपल्या लोकांना फारसे माहीत नाही. ते माहीत असायला हवे असे आम्हाला वाटू लागले, त्याला कारण आमच्याच वर्गातला एक मुलगा आहे. त्याच्याविषयी पुढे येईलच.

बाप सरकारी वकील

आनंद नारायण यांचा जन्म 1901 सालचा, लखनौचा. वडील पंडित जगत नारायण मुल्ला हे त्या काळातले नामांकित वकील. जालियनवाला बागेनंतर सरकारने चौकशीसाठी जी हंटर समिती नेमली, तिच्यात ते सदस्य होते. समितीतल्या तिन्ही हिंदी सदस्यांनी, म्हणजे मुंबईचे सर चिमणलाल सेटलवाड, साहेबजादा सुलतान अहमद खान आणि जगत नारायण यांनी, इंग्रज सदस्यांपासून वेगळे होऊन आपला स्वतंत्र अहवाल दिला. त्यांनी जनरल डायरला जास्त कडक शब्दांत दोषी ठरवले होते.

पण याच जगत नारायणांचे नाव इतिहासात दुसऱ्याही एका प्रकरणात येते. 1925 सालच्या काकोरी कटाच्या खटल्यात सरकारची बाजू मांडणारे प्रमुख वकील तेच होते. त्या खटल्यात रामप्रसाद बिस्मिल, अशफाकउल्ला खान, रोशन सिंह आणि राजेंद्र लाहिरी यांना डिसेंबर 1927 मध्ये फाशी झाली. लखनौच्या ज्या घरातून या खटल्याचे कागद रोज कोर्टात जात होते, त्या घरात एक पंचविशीतला मुलगा इंग्रजी साहित्य आणि कायदा शिकून वकिलीची सुरुवात करत होता. बिस्मिल स्वतः उर्दूत शायरी करत. या मुलालाही उर्दू शायरीचे वेड होते. त्याच्या मनात काय चालले असेल याविषयी आम्ही अंदाज बांधणार नाही. एवढेच म्हणू की सरकार, आरोपी, फाशी आणि तुरुंग हे शब्द त्याने पुस्तकात वाचण्याआधी घरात ऐकले होते.

पुढे 1954 साली ते अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि 1961 साली निवृत्त झाले. 1964 सालचा साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांच्या 'मेरी हदीस-ए-उम्र-ए-गुरेजां' या उर्दू काव्यसंग्रहाला मिळाला. 1967 साली ते लखनौतून लोकसभेला उभे राहिले, तेही अपक्ष म्हणून, आणि निवडून आले. 1972 ते 1978 ते राज्यसभेत होते. मी माझा धर्म सोडू शकेन, पण माझी भाषा सोडू शकणार नाही, अशा अर्थाचे त्यांचे एक विधान उर्दूच्या सभांमध्ये नेहमी सांगितले जाते. भाषा म्हणजे उर्दू. एका पंडिताने हे म्हणावे, आणि आपल्यातल्या कित्येक घरांत पोरांना अलिफ-बे येऊ नये! असो, हा विषय वेगळ्या लेखाचा आहे.

एक वाक्य, जे आता निकालात नाही

न्या. मुल्लांचे एक वाक्य मोबाईलवर फिरत असते. बहुतेक वाचकांना ते एकदा तरी आले असेल. या देशात बेकायदा वागणारी अशी एकही टोळी नाही जिचा गुन्ह्यांचा इतिहास पोलिसदल नावाच्या संघटित टोळीच्या जवळपास तरी जाईल, असा त्याचा आशय. कुठे दंगल झाली, कुठे कोठडीत कोणी मेला, की हे वाक्य पुन्हा फिरू लागते. खाली लिहिलेले असते, 'हायकोर्टाच्या न्यायमूर्तींचे मत'.

वाक्य त्यांचेच आहे. पण पूर्ण हकीकत कोणी पाठवत नाही.

ते 1961 साल होते, त्यांच्या निवृत्तीचे वर्ष. एका फौजदारी अपिलात त्यांच्यासमोर आलेला पुरावा पाहून त्यांना वाटले की तपास करणाऱ्या ठाणेदाराने खोटा पुरावा रचला आहे. त्यांनी त्याला नोटीस काढली, की तुझ्यावर याबद्दल खटला का भरू नये. पुढे ती नोटीस त्यांनी मागे घेतली, पण मागे घेताना पोलिसदलाविषयी जे लिहिले ते फार जहाल होते. हा तबेला एकट्याच्या बळावर साफ करता येईल असे वाटले असते तर आपण मागे हटलो नसतो, आणि टोपलीतली जवळजवळ सगळीच मासळी नासलेली असताना एकच मासा उचलून नाकाला लावण्यात अर्थ नाही, असे त्यांच्या म्हणण्याचे सार होते. उत्तर प्रदेश सरकारने अर्ज केला, की हे शेरे काढून टाका. मुल्लासाहेबांनी नकार दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले.

1963 साली सर्वोच्च न्यायालयाने ते शेरे निकालातून वगळले. न्यायालयाने सांगितलेली तत्त्वे आजही वकिलांना तोंडपाठ असतात. न्यायाधीशाला निर्भयपणे बोलण्याचे स्वातंत्र्य हवेच. पण कोणावर ताशेरे ओढताना तीन गोष्टी पाहाव्यात. त्या माणसाला आपली बाजू मांडण्याची संधी मिळाली होती का? त्या ताशेऱ्याला पुराव्याचा आधार आहे का? आणि खटल्याचा निर्णय देण्यासाठी तो ताशेरा आवश्यक होता का? एका ठाणेदाराच्या पुराव्यावरून सबंध दलाविषयी निष्कर्ष काढणे या कसोटीला उतरले नाही.

आम्हाला सर्वोच्च न्यायालयाचे म्हणणे पटते, आणि हे लिहिताना काही वाचक नाराज होतील याची कल्पना आहे. कोठडीत मार खाल्लेल्या तरुणाच्या आईला ते जुने वाक्य थंडावा देते, हे आम्ही समजू शकतो. पण एकाच्या कृत्यावरून सगळ्यांना एका मापाने मोजणे म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणाला माहीत आहे? कुठेतरी एखाद्या गुन्ह्यात आपले नाव असलेला माणूस पकडला जातो आणि दुसऱ्या दिवशी आपल्या मुलांना शाळेच्या बसमध्ये टोमणे ऐकावे लागतात. जे आपल्याबाबत चूक, ते खाकी कपड्यांबाबत बरोबर कसे?

तरीही मुल्लासाहेबांच्या रागाचे मूळ खोटे नव्हते. पुरावा रचला जातो, पंच ठरलेले असतात, मार देऊन कबुली घेतली जाते, हे त्यांनी सात वर्षे निकाल लिहिताना पाहिले होते. पुढे 1977 साली केंद्र सरकारने राष्ट्रीय पोलिस आयोग नेमला तो याच दुखण्यावर, आणि 2006 साली प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पोलिस सुधारणेचे आदेश दिले तेही याच दुखण्यावर. ज्या न्यायालयाने 1963 साली वाक्य पुसले, त्यानेच त्रेचाळीस वर्षांनी रोगावर औषध लिहून दिले. ते औषध राज्यांनी किती घेतले, ते सगळे जाणतात.

पोलिसांकडून तुरुंगाकडे

मुल्लासाहेबांचे खरे काम आम्हाला या वाक्यात दिसत नाही. ते त्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी झाले आणि त्याचा आवाज फार कमी झाला.

1979 साली एका पोलिस अधिकाऱ्याचे लेख इंग्रजी वर्तमानपत्रात आले. अधिकारी होते के. एफ. रुस्तमजी, आपल्या नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले. राष्ट्रीय पोलिस आयोगाचे सदस्य म्हणून ते बिहारचे तुरुंग पाहायला गेले होते. तिथे त्यांना अशी माणसे भेटली ज्यांचा खटला सुरूच झाला नव्हता, आणि ज्या गुन्ह्याचा आरोप होता त्याच्या कमाल शिक्षेपेक्षा जास्त दिवस ती आत होती. कपिला हिंगोरानी या वकीलबाईंनी ते लेख घेऊन सर्वोच्च न्यायालय गाठले. याचिकेला त्या कैद्यांपैकी एकीचे नाव मिळाले, हुसैनआरा खातून. लवकर खटला चालणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्या. भगवतींनी त्या प्रकरणात सांगितले आणि हजारो कैदी सुटले.

या वातावरणात 1980 साली केंद्र सरकारने तुरुंग सुधारणेसाठी अखिल भारतीय समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद एकोणऐंशीच्या घरात आलेल्या आनंद नारायण मुल्लांकडे दिले. ज्या वयात माणूस नातवंडांना शेर ऐकवतो, त्या वयात त्यांनी हे काम अंगावर घेतले. तीन वर्षे समितीने तुरुंग पाहिले, माणसांशी बोलली आणि 1983 साली अहवाल दिला. 'मुल्ला समिती' या नावाने तो ओळखला जातो. देशातल्या तुरुंगांविषयी आजही कोणी लिहायला बसले तर सुरुवात इथूनच करावी लागते.

अहवाल मोठा आहे. त्यातल्या सगळ्या शिफारशी इथे मांडत बसणार नाही. पण त्यामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे.

आपला तुरुंगाचा कायदा होता 1894 सालचा. त्यात कैद्याला कसे बांधावे, काय शिक्षा द्यावी, किती वजनाचे काम करवावे हे तपशिलात होते. माणूस बाहेर पडल्यावर त्याचे काय होणार, हा प्रश्नच त्यात नव्हता. मुल्ला समितीने तो प्रश्न मध्यभागी ठेवला. शिक्षा म्हणजे स्वातंत्र्य काढून घेणे, एवढीच. त्याहून जास्त, म्हणजे निकृष्ट अन्न, घाण, मारहाण, अपमान, ही कोर्टाने दिलेली शिक्षा नव्हे. माणूस आत जातो तो परत येण्यासाठी. तेव्हा आतला प्रत्येक दिवस त्याच्या परतीच्या तयारीचा असायला हवा. त्याला शिक्षण, हुन्नर, काम, घराशी संबंध हे सगळे मिळायला हवे, आणि बाहेर आल्यावर हात धरणारे कोणीतरी हवे.

हा विचार त्यांच्याआधीही होता. 1919-20 च्या जेल समितीने सुधारणा हा शब्द वापरला होता. 1951-52 मध्ये वॉल्टर रेकलेस नावाचे अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञ संयुक्त राष्ट्रांतर्फे भारतात येऊन अहवाल देऊन गेले. मुल्लासाहेबांच्याच प्रांतात संपूर्णानंद यांनी 1952 पासून धरणांच्या कामावर कैद्यांच्या खुल्या छावण्या उभ्या केल्या होत्या. आणि आपल्याकडे, स्वातंत्र्याच्याही आधी, औंधच्या राजेसाहेबांनी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले होते, जिथे खुनाची शिक्षा झालेले कैदी कुंपणाशिवाय शेती करत. 'दो आंखें बारह हाथ' हा शांतारामबापूंचा चित्रपट त्यावरूनच सुचला. आमच्या अब्बांना त्यातला सांडांचा प्रसंग फार आवडे. तो सिनेमा पाहून आम्ही सगळ्यांनी डोळे पुसले, पण सांगलीहून जाता येता आटपाडीला वाट वाकडी करून ती वसाहत पाहणारे किती?

मुल्ला समितीने वेगळे काय केले? विखुरलेले चांगले प्रयोग तिने देशाच्या धोरणात आणायचे ठरवले. तुरुंग हा विषय राज्यघटनेत राज्यांच्या यादीत आहे. राज्यांच्या तिजोरीत पैसे कमी आणि कैद्याला मत नाही, मग त्याच्यासाठी पैसा खर्च करणार कोण? म्हणून समितीने म्हटले, तुरुंग समवर्ती सूचीत आणा, एक राष्ट्रीय धोरण ठरवा, 1894 चा कायदा बदला, कायमचा राष्ट्रीय तुरुंग आयोग नेमा, तुरुंग आणि सुधारसेवा यांसाठी प्रशिक्षित अधिकाऱ्यांची अखिल भारतीय सेवा उभारा. पोरांना तुरुंगात ठेवू नका. कच्च्या कैद्यांना शिक्षा झालेल्यांपासून वेगळे ठेवा आणि त्यांची संख्या कमीत कमी करा. थोड्या मुदतीच्या कैदेऐवजी दुसऱ्या शिक्षा शोधा.

आणि एक शिफारस आम्हाला सगळ्यांत जास्त मोलाची वाटते. वर्तमानपत्रवाले आणि सामान्य माणसे यांना अधूनमधून तुरुंग आतून पाहू द्या, असे समितीने सांगितले. ज्या भिंतीआड कोणी डोकावत नाही तिथे चांगला अधिकारीही हळूहळू सैल होतो. आमच्या शाळेत तपासणी अधिकारी येणार असले की मुतारी धुतली जाते. एरवीचे विचारू नका.

'जामीन झाला, मग घरी का येत नाहीत?'

आता त्या मुलाविषयी. नाव सांगत नाही, गावही नाही. त्याचे वडील टेम्पो चालवतात. एका गोदामातून माल चोरीला गेला, त्यांचा टेम्पो त्या रात्री तिथून गेला होता, म्हणून इतर दोघांबरोबर त्यांनाही पकडले. मुलगा शाळेत येत होता, पण वही आणत नव्हता. डबाही नसायचा. चौकशी केली तेव्हा त्याची आई भेटायला आली. बुरख्याचे टोक बोटांना गुंडाळत बराच वेळ बसली आणि मग म्हणाली, "मॅडम, वकील म्हणतो जामीन झाला. दोन महिने झाले. मग ते घरी का येत नाहीत?"

आम्ही बीएड केले आहे, व्याकरण शिकवतो. या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे नव्हते.

शोध घेतल्यावर कळले की जामीन मंजूर होणे आणि सुटणे यात एक दरी असते. कोर्टाने पंचवीस हजारांचा जामीनदार मागितला होता. जामीनदाराला ऐपतीचा दाखला लागतो, म्हणजे नावावर जमीन हवी किंवा घर. यांच्या ओळखीतले सगळे भाड्याच्या खोल्यांत राहणारे. ज्या एका नातलगाच्या नावावर घर होते, त्याने आधी हो म्हटले आणि नंतर फोन उचलणे बंद केले. त्याला दोष देणेही कठीण. पोलिसांच्या कागदावर आपले नाव यायला नको, ही भीती आपल्या मोहल्ल्यात कोणाला नाही?

याच काळात आम्ही मुल्ला समितीविषयी वाचत होतो आणि आकडे पाहून थबकलो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 अखेर देशाच्या तुरुंगांत 5,73,220 माणसे होती. त्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी. म्हणजे दर चारांतले तीन असे, ज्यांच्यावरचा आरोप अजून सिद्ध झालेला नाही. जागा होती 4,36,266 माणसांची. या कच्च्या कैद्यांमध्ये मुसलमान, दलित आणि आदिवासी यांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येतल्या प्रमाणापेक्षा जास्त आहे. यातले किती जण आमच्या त्या टेम्पोवाल्यासारखे, जामीन होऊनही दाखल्यापायी आत बसलेले असतील?

न्या. कृष्ण अय्यर यांनी 1978 सालीच एका गरीब गवंड्याच्या प्रकरणात सांगितले होते की मोठ्या रकमेचा जामीनदार मागणे म्हणजे गरिबाला जामीन नाकारणेच आहे. (कृष्ण अय्यर हेही मुल्लांसारखेच राजकारणात राहिलेले, केरळात मंत्री, त्यांच्याकडे तुरुंगखातेही होते. पुढे 1987 साली स्त्री कैद्यांविषयीचा अहवाल त्यांच्याच समितीने दिला.) मुल्ला समितीनेही जामिनाची पद्धत सोपी करा असे म्हटले. वाक्ये कागदावर राहिली आणि तालुक्याच्या कोर्टात शिरस्ता तसाच राहिला.

आम्हाला मार्ग दाखवला तो एका हवालदाराने, हेही इथे नोंदवायला हवे. त्याची मुलगी आमच्याच शाळेत आहे. तो म्हणाला, "कोर्टाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे ऑफिस असते, तिथे का जात नाही?" आम्ही त्या बाईंना घेऊन गेलो. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. स्त्रियांनाही मिळतो, उत्पन्न कितीही असो. हे आम्हाला, शिकलेल्या माणसांना, माहीत नव्हते! जामीन मंजूर होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही तर तुरुंगाच्या अधीक्षकाने प्राधिकरणाला कळवायचे असते, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2023 चा आदेशही आहे. गरीब कैद्यांच्या जामिनासाठी मदत देणारी केंद्राची योजनाही त्याच वर्षीची. या गोष्टी मशिदीबाहेरच्या फलकावर, बचत गटाच्या बैठकीत लिहून लावाव्यात इतक्या उपयोगाच्या आहेत.

तिथल्या तरुण वकीलबाईंनी अर्ज केला, की जामीनदार मिळत नाही, जातमुचलक्यावर सोडावे. दोन तारखा पडल्या. तिसऱ्या तारखेला अर्ज मंजूर झाला. पकडल्यापासून अकराव्या महिन्यात तो माणूस घरी आला.

अहवालाचे पुढे काय झाले

राष्ट्रीय तुरुंग आयोग झाला नाही. अखिल भारतीय सेवा झाली नाही. तुरुंग आजही राज्यांच्याच यादीत आहे. 1996 साली कर्नाटकातल्या एका कैद्याच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या दुखण्यांची यादी केली, तेव्हा गर्दी, खटल्यांची दिरंगाई, आरोग्य, अन्न हेच सगळे पुन्हा निघाले आणि न्यायालयाला मुल्ला समितीचीच आठवण द्यावी लागली. 1894 च्या कायद्याच्या जागी आणायचा नमुना कायदा केंद्राने 2023 मध्ये तयार करून राज्यांकडे पाठवला. अहवालानंतर चाळीस वर्षांनी.

काही गोष्टी मात्र झाल्या. 1986 च्या बालन्याय कायद्याने मुलांना तुरुंगात ठेवण्याला देशभर बंदी घातली. नमुना नियमावल्या 2003 आणि 2016 साली आल्या. आपल्या राज्यात तुरुंग खात्याच्या पाटीवर 'कारागृह व सुधारसेवा' असे लिहिलेले असते. पाटी बदलल्याने आतले बदलते असे नाही, पण शब्द एकदा भिंतीवर चढला की निदान त्याकडे बोट दाखवता येते.

छोट्या गुन्ह्यांना तुरुंगाऐवजी दुसरी शिक्षा द्यावी, ही कल्पना तर फारच रखडली. 1978 साली राज्यसभेने मंजूर केलेल्या दुरुस्ती विधेयकात सार्वजनिक सेवेची शिक्षा होती, पण लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक बुडाले. ती शिक्षा कायद्यात आली 1 जुलै 2024 पासून, भारतीय न्याय संहितेत. पाच हजारांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची पहिली चोरी असेल आणि माल परत केला, तर आता न्यायाधीश आरोपीला समाजसेवेची शिक्षा देऊ शकतात. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आणखी एक तरतूद आहे. आधी कधीही दोषी न ठरलेल्या माणसाने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कच्चा कैदी म्हणून काढला असेल, तर त्याला सोडावे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे त्यात नाहीत आणि ज्याच्यावर एकापेक्षा जास्त खटले चालू आहेत त्यालाही तिचा फायदा नाही. तरीही, ज्यांच्या घरचे कोणी आत आहे त्यांनी आपल्या वकिलाला याविषयी जरूर विचारावे.

मुल्लासाहेब 1997 साली वारले. आम्ही त्यांना पाहिले नाही, ऐकलेही नाही. ज्या माणसाने 1961 मध्ये रागाच्या भरात एका वाक्यात सगळ्यांना झोडपले, त्याच माणसाने पुढे तीन वर्षे बसून, शिफारसीमागून शिफारस, एक कंटाळवाणा वाटणारा अहवाल पुरा केला. मोबाईलवर फिरते ते वाक्य. अहवाल कोणी फिरवत नाही. त्या टेम्पोवाल्याच्या कामाला त्यातले कोणते आले, हे मात्र आम्ही पाहिले.

खटला अजून चालू आहे. माल कुठे मिळाला, पंच कोण, हे सगळे कोर्टात ठरेल. दोषी की निर्दोष, हे सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही. तो माणूस आता टेम्पो चालवतो, संध्याकाळी घरी असतो आणि मुलगा वही आणतो. गेल्या सोमवारी त्याने आमच्या टेबलावर रजेचा अर्ज ठेवला. अक्षर सुधारले आहे, 'विनंती' मात्र अजूनही पहिली वेलांटी दीर्घ. कारणाच्या जागी लिहिले होते : अब्बांबरोबर तारखेला जायचे आहे. आम्ही वेलांटी दुरुस्त केली आणि सही केली.